माझे जोडतारे, माझी यादी

३ ऑक्टोबर
आकाश मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, जोडताऱ्यांची वेगळी यादी कशाला, दुर्बिणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं असतं. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे काचेतून दिसणारं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. सॉफ्टवेअरमध्ये नाहीत माझे तारे. मी शोधून पाहिलंय. गच्चीवर मान मोडून टिपलेत एकेक. आता माझी यादी त्यात घालणारच.

४ ऑक्टोबर
मॅन्युअल वाचणार नाही. ते नवशिक्यांसाठी असतं. पहिल्या जोडताऱ्याला हिचं नाव देतोय हे हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी प्लंबरला फोन करा.

५ ऑक्टोबर
सॉफ्टवेअर यादीची फाइल घेत नाही. म्हणे स्वल्पविराम चुकलेत. शाळेत मराठीत पहिला होतो मी.
प्लंबर राहिला.

७ ऑक्टोबर
फाइल घेतली. आणि काय पाहतो, आकाशभर विखुरलेले माझे सगळे तारे पडद्यावर एकाच अरुंद पट्ट्यात, खांबासारखे उभे. आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? पट्ट्याला माझं नाव द्यावं का? नको. नुसतं आडनाव पुरे.

८ ऑक्टोबर
अध्यक्षांना फोन करून सांगितलं, शनिवारी मंडळाच्या गच्चीवर या, डोळे उघडतील. ते म्हणाले, चहा असेल ना? हिलाही नेणार आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार
सगळे आले. हिचा तारा निवडला. माझी दुर्बीण घुर्र करून आपोआप वळली. रिकामं आकाश. दुसरा निवडला, जरा वर सरकली. रिकामं. मी म्हणालो, ढग. ढग नव्हता.
अध्यक्षांनी फाइल पाहिली. हळूच म्हणाले, "साहेब, ताऱ्याच्या जागेचा हा रकाना अंशांत हवा. तुम्ही तास भरलेत. म्हणून सगळे एका पट्ट्यात आले. एका तासाचे पंधरा अंश, पंधरानं गुणा." मी म्हणालो, "तारे तासांतच मोजतात. सॉफ्टवेअरनं समजून घ्यायला हवं." त्यांनी न विचारता गुणलं. दुर्बीण पार पश्चिमेला गेली. हिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "एक सोनेरी आहे, त्याला चिकटून एक निळा. अगं बाई, किती सुंदर."
तेवढ्यात अध्यक्षांनी सेटिंगमध्ये कुठेतरी एक टिक केली. जोडताऱ्यांची भली मोठी यादी उघडली. माझे सगळे त्यात होते. हिचासुद्धा. नावाऐवजी नंबर होता.
जागच्या जागी राजीनामा दिला. तोंडी.

११ ऑक्टोबर
लेखी दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. हात जोडत येतील.

१४ ऑक्टोबर
अध्यक्ष आले. माझ्याकडे नाही, हिच्याकडे. सभासदाचा अर्ज घेऊन. माझ्या जागी.

१७ ऑक्टोबर, शनिवार
ही मंडळात गेलीय, माझी दुर्बीण घेऊन. मी राजीनाम्यावर ठाम आहे. जाताना म्हणाली, प्लंबर येईल, घरीच थांबा. थांबणारच होतो.