गाठ लागत नाही

आई, "झालं गेलं, आता कशाला उगाळतीस?" असंच म्हणाली असतीस तू, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही लिहिते आहे. माझी पन्नाशी उलटली. सोलापुरातले किती तरी सर्जन माझा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुरीला हात लावत नाहीत. आणि एवढी मोठी झालेली तुझी लेक तुझ्याबद्दलचं एक खोटं अजून चालवून घेते आहे.

केम गावातल्या आपल्या स्वयंपाकघरातला तो दिवस. मी दिवाळीच्या सुट्टीत आलेली, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला, डोक्यात नुसती हवा. तू दिवसभर कारखान्यात कुंकवाच्या पुड्या भरून आलेली, घासघासूनही बोटांची लाली गेलेली नाही. ज्वारीचं पीठ जुनं, त्याची विरी म्हणजे चिकटपणाच गेलेला, त्यामुळे भाकरी थापता थापता कडेनं फाटते आहे. तू पिठाला शिव्या घालतेस, त्यात उकळतं पाणी ओततेस आणि मधेच, तव्याकडे बघतच, म्हणतेस, "हितं डाव्या बाजूला घट्ट लागतंय गं. बघ की जरा." मी बघितलं. चार बोटं स्तनावर सपाट ठेवून, पुस्तकात दाखवतात तशी. "गाठ लागत नाही," मी म्हणाले, "आणि गाठ नाही म्हणजे काही नाही. वयानं होतं असं." तू पदर सारखा केलास. "तू म्हणतीस तर न्हाय," म्हणालीस, आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस.

उन्हाळ्यात तुझी पाठ धरली, ती सोडेचना. तुला सोलापूरला आणलं. तपासणारे डॉक्टर तुझ्यावर खेकसले, "इतके महिने काय केलंत? कुणाला दाखवलं नाही?" तू म्हणालीस, "न्हाय सायेब. मीच लपवलं. लाज वाटली." मी पांढरा कोट घालून शेजारी उभी होते. नंतर जिन्यात मी विचारलं, खोटं का बोललीस? तू कठडा धरून दम खात होतीस. "मग काय सांगू? पयल्याच पेशंटला चुकली म्हणत्याल की तुला," म्हणालीस, आणि वर हसलीस! मला तुझा राग आला होता. लई राग. अजूनही येतो.

म्हणून मी पॅथॉलॉजी हाच विषय धरला. तुला तेव्हा काय झालं होतं ते आज झोपेतून उठवलं तरी सांगेन. आपल्या अंगातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. धरून राहण्यासाठी त्यांच्या अंगावर एक चिकट प्रथिन असतं. कॅन्सरच्या पेशीसुद्धा बऱ्याचदा अशा चिकटून, गोळा होऊन वाढतात, म्हणून गाठ हाताला लागते. तुझ्या प्रकारात ते प्रथिनच नाहीसं होतं. विरी गेलेलं पीठ गं, दुसरं काय! गोळा होतच नाही. पेशी सुट्या सुट्या होऊन एकामागे एक, मुंग्यांसारख्या, आजूबाजूच्या तंतूंमधून चालू लागतात. आणि ती आजूबाजूची जागाही काही गरीब बिचारी नसते. तिथले तंतू जाड आणि ताठ होतात, या पेशींना वाट करून देतात, शेजारच्या चांगल्या पेशी त्यांना खतपाणी पुरवतात. मग त्यातल्या काही रक्तातून लांब जातात आणि जिथली जागा मानवेल तिथं रुजतात. तुझ्या मणक्यात रुजल्या. तो ताठपणा तुझ्या बोटांना कळला होता. माझ्या शिकलेल्या बोटांना कळला नाही.

परवा मैंदर्गीच्या एक बाई आल्या. त्या कानडीतून बोलत होत्या, सून मराठीतून सांगत होती, "चार महिनं झालं, घट्ट लागतंय म्हणत्यात." सोनोग्राफी चांगली आलेली. आमचा तरुण सर्जन म्हणाला, "मॅडम, गाठच नाही, सुई कुठं घालू?" "त्या बोट ठेवतील तिथं घाल," मी म्हणाले. तुकडा आला, मी स्लाइड बघितली. रांगाच रांगा. पण मणका, लिव्हर सगळं साफ आहे आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. या बाई बऱ्या होतील. मी उगीच धीर देणाऱ्यातली नाही.

त्यांच्या केसपेपरवर कुणीतरी लिहिलं होतं, 'रुग्णाने आजार लपवला.' मी वाचून दाखवल्यावर सून भडकलीच. "लपवलं न्हाय मॅडम! दोन ठिकाणी दाखवलं. गाठ न्हाय म्हणून घरी लावून दिलं." मी ती ओळ खोडली, शेजारी सही केली, आणि मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. कारण दर वर्षी मेडिकलच्या मुलांना हा आजार शिकवताना मीही सांगते, एका बाईंनी लाजेपायी लपवलं म्हणून. मावशी तर तुझ्या श्राद्धाच्या पंगतीत न चुकता म्हणते, "लई लाजाळू. जीव गेला पण बोलली न्हाय." आणि मी खाली मान घालून वाढत राहते.

आज वर्गात गोष्ट बदलली. म्हणाले, त्या बाईंनी लपवलं नव्हतं. मुलीला दाखवलं होतं, डॉक्टरकी शिकणाऱ्या, आणि मुलीनं सांगितलं होतं, काही नाही. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मग त्या मुलीनं नंतर कुणाला सांगितलं का, मॅडम?" मी पुढची स्लाइड लावली.

हे लिहीत असतानाच मावशीचा फोन आला. चांगली दहा मिनिटं बोललो. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, गोळ्या वेळेवर घे म्हणून दटावलं आणि फोन ठेवला. तिच्या लेखी अजून तूच लपवलंस, आई.