रविवारची बारी

दौंड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. दारचा शेवगा फुललाय, माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. वडगावात कांदा काढणी सुरू झाली असेल.

तुझ्या सूनबाईनं, सायलीनं, फ्लेक्सचा फोटो पाठवला. तुझा सत्यजीत घोडीवर, मागे आपले शर्यतीचे चार बैल, आणि वर लिहिलंय, ‘घाटाचा राजा परत येतोय’. कुठून परत येतोय रे? गाड्याखालूनच ना? त्याच्या मांडीत अजून सळई आहे. माझ्या घरी काठी धरून पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा घामानं भिजला होता तो. आणि रविवारच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात आपल्या बारीला पुन्हा तोच बैलांच्या पुढे घोडी पळवणार!

मी त्याला फोन केला. म्हणाला, “आत्या, ती घोडी दुसऱ्या कुणाला पाठीवर टिकू देत न्हाई. आन् घरात बसून मी पार गंजलोय बघ. आप्पांनी न्हाई, मीच म्हणलो.”

अजून तुझीच बाजू घेतो. म्हणून माझा जास्त संताप होतो.

लहानपणी सुट्टी संपवून मी कॉन्व्हेंटला निघाले की तू एसटीमागे पळायचास. एकदा तोंडावर आपटलास. मी उतरून तुला उचललं, पांढऱ्या फ्रॉकला तुझं रक्त लागलं. शाळेत सिस्टरनं दिवसभर उभं केलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सत्याच्या अपघाताच्या दिवशीचं मी आजवर बोलले नाही. मी मांडवातून बघत होते. घोडी अडखळली, सत्या पडला, गाडा त्याच्या अंगावरून गेला आणि तू पळालास. त्याच्या शेजारून. बैल धरायला.

नंतर मला म्हणालास, “अक्का, बैलं गर्दीत घुसली असती.” असतीलही. पण बैल धरायला अख्खा गाव पळत होता. पोराला बाप एकच होता.

तो शुद्धीत होता, बापू. दवाखान्यात गुंगीत एकदा बोलला, “आप्पा थांबले न्हाईत.” नंतर कधीच नाही.

त्याला मी अडवणार नाही, तो ऐकायचा नाही. तुला सांगते. रविवारी बैल धरायचं काम कुणालाही दे. तू घाटाच्या कडेला रिकाम्या हातांनी उभा राहा, त्याला दिसशील असा. जमणार नसेल तर आजच कळव. मग तिथं मी उभी राहीन, आणि तू का नाहीस हे त्याला मीच सांगेन.

राग न गेलेली,
तुझी अक्का