भुतानं निघताना काय म्हणावं

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचा खोकला गेला असेल असं धरून चालते. नसेल तर जाऊबाईंचं ऐका (माझं ऐकून आजवर कोणी बरं झालेलं नाही). माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना गप्प असतात. बाकी ठीक. पत्र सहजच लिहिते आहे, काम काही नाही.

ह्यांच्यामागे मी वाचनालयात जाऊ लागले हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या कपाटापासून सुरुवात केली होती, आता भयकथांच्या कपाटाशी पोचले आहे. तिथे एक जुनी परदेशी गोष्ट आहे, अकरा पानांची. एक घड्याळजी धुक्यात मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला जातो आणि वरच मरतो. मग रोज संध्याकाळी त्याच्या बायकोला जिन्यावर त्याची पावलं ऐकू येतात. शेवटी तो दाराबाहेरून तिचा निरोप घेतो आणि पावलं थांबतात. एवढंच. पण या अकरा पानांना लोकांनी सुखानं मरू दिलेलं नाही. सिनेमा अडीच तासांचा आहे, त्यात घड्याळजीला जुळा भाऊ आहे आणि धुक्यात सहा गाणी आहेत (पाचव्या गाण्यात कोण नाचतंय ते शेवटपर्यंत दिसलं नाही). रेडिओवरच्या श्रुतिकेत पावलं इतकी दणदणीत की माणूस मेल्यावर जाड झाला असावा. मुलांसाठी बाहुल्यांचा खेळही झाला. त्यात भूत जाताना दात घासायला सांगतं.

आता आमच्या वाचनालयानं नाटक बसवलं. दिग्दर्शक ग्रंथपाल, घड्याळजी म्हणजे आमचा शिंपी, बायको म्हणून पोस्टातल्या बाई, आणि विसरलेली वाक्यं पुरवायला मी. पहिल्याच तालमीत शिंपी घराबाहेर पडताना म्हणाला, "जातो गं." मी म्हटलं, असं कोणी म्हणतं का? "येतो" म्हणतात. ग्रंथपाल म्हणाले, "काकू, मूळ कथेत 'जातो'च आहे." मी म्हटलं, मूळ कथेतल्या लोकांना मराठी येत नव्हतं. शिवाय तो "येतो" म्हणाला म्हणून तर परत येतो ना. नाहीतर मेलेल्या माणसाला चार मजले चढायची काय हौस? हे त्यांना पटलं. पण शेवटच्या निरोपाला ते अडून बसले. म्हणाले, आता तो कायमचा चाललाय, इथे "जातो"च हवं, त्याशिवाय ती बिचारी सुटणार कशी? आणि माझ्या वहीत जाड पेन्सिलीनं लिहून दिलं: जातो.

प्रयोगात नेमका तिथेच शिंपी अडकला. आम्ही दोघं दाराच्या मागे उभे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे पाहिलं आणि सांगितलं, "येतो." तो म्हणाला, "येतो." आणि आतून पोस्टातल्या बाई सवयीनं म्हणून गेल्या, "लवकर या."

सगळं सभागृह हसलं. मग आपोआप गप्प झालं. ग्रंथपाल दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. दोष शिंप्यानं स्वतःच्या अंगावर घेतला, मी घेऊ दिला.

ह्यांनी त्या सकाळी दवाखान्यात निघताना दारातून "येतो" म्हटलं होतं. दूध वर आलं होतं, मी मान वळवली नाही, नुसतं "हं" म्हटलं. दूध वाचलं.

असो. जाऊबाईंना आशीर्वाद सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. रविवारी दुसरा प्रयोग आहे आणि शिंप्याचा घसा बसलाय. पहिल्या अंकात धुक्यामुळे बसला म्हणून खपून जाईल, पण भुताचा घसा बसलेला ग्रंथपालांना चालत नाही. शेवटी भूत दिसायचं नाही, दाराबाहेरून फक्त आवाज. तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा लागतो (म्हणून वर्षभर तुमचा फोन उचललेला नाही, पत्रं लिहिते, आता सांगून टाकते). एकच शब्द आहे. पाठ करून येऊ नका, मी शेजारीच उभी असेन.

आणखी ता. क. प्रयोग झाला की परस्पर गाडी पकडू नका. आधी घरी या, आणि निघताना दारात उभं राहून तोच शब्द पुन्हा एकदा म्हणा. दूध मी आधीच उतरवून ठेवीन.