आमच्या बोलीत बोलणारी

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून नवी पोरं. मार्गदर्शन कक्षाबाहेर सकाळपासून जत्रा. एकीला वसतिगृहाचा एसी सोसत नाही, एकाला स्वतःचा वर्ग सापडत नाही. एकीची आई फोनवर — "माझी लेक जेवली का हो?" बाई, मी सल्लागार आहे, खानावळवाली नाही! असं म्हटलं नाही अर्थात. "विचारून सांगते" म्हटलं. आणि विचारलंही. जेवली नव्हती.
शेजारच्या टेबलावरची बद्रिया म्हणते, दरवर्षी पोरं लहान होत चाललीत. म्हटलं, ती नाही गं, आपण म्हाताऱ्या होत चाललोय.

९ सप्टेंबर
यंदा माझ्या वाट्याला आलेल्या पोरींत एक कुलसूम. गाव — कुमझार!
माझं गाव. मस्कतच्या या विद्यापीठात इतकी वर्षं काढली, पण तिथलं कुणी कधी समोर आलं नाही. मागे डोंगर, पुढे समुद्र, होडीशिवाय वाट नाही. तिथून पोरगी इथवर धाडली म्हणजे आईबाप खमके असणार.
उद्या बोलावलंय. आईची हिरवी ओढणी कपाटातून काढून ठेवली. कशासाठी, कोण जाणे.

१० सप्टेंबर
आली. बारकीशी आहे. खुर्चीच्या टोकावर बसली, कुणी कधीही उठवेल अशा धास्तीने. अरबीत सगळं विचारून घेतलं — विषय, इंग्रजीची पातळी, खोली कितवी. मग धीर करून आमच्या कुमझारच्या बोलीत म्हटलं, "घरी मासळी कोण वाळवतं आता?"
ती बघतच राहिली. मग हसली.
"आजीच. आणि मांजरांना शिव्या घालायचं कामही तिच्याकडेच."
आई जाऊन दोन वर्षं झाली. मी तिला इथे आणलं होतं. तिच्या शेवटापर्यंत आम्ही दोघीच या घरात आमच्या बोलीत बोलायचो. भाऊ अबुधाबीला, तो माझ्याशीही अरबीच बोलतो, बायकोला कळावं म्हणून. गावात आता माझं घर नाही. दोन वर्षं ही बोली कानावर पडली नव्हती. कुलसूम गेल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. बाहेर रांग उभी होती, राहू दे म्हटलं.

१८ सप्टेंबर
रोज दुपारी येते. मी कॉफी नि खजूर तयार ठेवते. कुणाची होडी कुणाच्या जाळ्यात अडकली, उन्हाळ्यात खसबच्या बागांत खजूर उतरवायला सगळं गाव गेलं तेव्हा मागे कुणाची बकरी हरवली — सगळं ऐकायला मिळतं. बोलता बोलता एखादा शब्द असा येतो, फक्त आईच्या तोंडचा. मी उगीच पुन्हा विचारते, "काय म्हणालीस?" ती बिचारी पुन्हा सांगते.
तिला नर्स व्हायचंय. विचारलं का. "मावशी, गावच्या दवाखान्यात नर्स बाहेरच्या. आजीला आपल्या बोलीशिवाय काही येत नाही. मग बाईमाणसाचं दुखणं अरबीत कोण सांगणार, तर माझा भाऊ! तो लाजून म्हणतो, आजीचा पाय दुखतो. आणि आजी गुडघ्याचं मलम घेऊन घरी येते."
दोघी हसलो. मग तिनेच पेला खाली ठेवला. "हसण्यासारखं नाही ते," म्हणाली.

२ ऑक्टोबर
आज आली नाही. कॉफी गार झाली.

५ ऑक्टोबर
आली. म्हणाली, दुपारी इंग्रजीचे सराव वर्ग असतात. मी काय म्हणावं? "एवढंच ना, थोडा वेळ बस, मग जा." थोडा वेळ म्हणता म्हणता संध्याकाळच्या बस लागल्या.

२० ऑक्टोबर
बद्रिया टेबलाशी येऊन उभी राहिली.
"ती तुझ्या गावची पोर. पहिल्या परीक्षेत पार आपटलीय. पायाभूत वर्गाचं इंग्रजी डिसेंबरात सुटलं नाही तर नर्सिंगची जागा जाणार, माहितीय ना? सरावाला फिरकत नाही म्हणे. दुपारची असते कुठे ही?"
"काय माहीत," म्हटलं मी.
काय माहीत! खजुराची वाटी समोर होती. दोन बिया तिच्या होत्या.

२१ ऑक्टोबर
बद्रियाला खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "पोरीला माझ्याकडे दे, झुवैना. आणि परीक्षेपर्यंत तुझ्या-तिच्यात ती बोली बंद. तिच्या कानावर इंग्रजीच पडू दे."
खरं आहे. हेच मी दुसऱ्या कुणाला ताडकन सांगितलं असतं.
दुपारी कुलसूमला सांगितलं. अरबीत सांगितलं, म्हणजे जीभ अडखळणार नाही. उद्यापासून बद्रिया मॅडमकडे, दुपारी सराव, परीक्षेपर्यंत माझ्याकडे यायचं नाही, आपली बोलीही बंद. तिने सगळं ऐकून घेतलं. दाराशी वळली आणि आमच्या बोलीत म्हणाली, "तुम्हाला चालेल?"
लागलंय तिच्या मनाला. लागणारच.
"चालेल," म्हटलं. अरबीत.

३ नोव्हेंबर
उपाहारगृहात दिसली. सलालाच्या एका पोरीबरोबर मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडत होती, पराठ्याच्या शेवटच्या तुकड्यावरून. छान भांडत होती. मला पाहून उठली — "सलाम, मॅडम."
नियम मीच घातलेला. चहा तसाच टाकून कक्षात परतले.

९ नोव्हेंबर
गाडीत एकटी असताना मोठ्याने बोलून पाहिलं. आईला सांगायचे तसं — आज काय झालं, भाजी काय आणली. सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला बघत होता. काच वर केली. पण उत्तर नसलं की बोली लगेच संपते. दोन वाक्यांत संपली.

२३ नोव्हेंबर
बद्रिया म्हणते, सुधारतेय. मी विचारलं नव्हतं. ती आपण होऊनच सांगते, रोज जाता जाता. चांगली आहे बद्रिया.

७ डिसेंबर
तिची फार आठवण येते. तिची की आईची, आता वेगळं करता येत नाही. दुपारी हात आपोआप दोन पेले काढतो. एक परत ठेवते.

१७ डिसेंबर
आज तिची परीक्षा. माझ्यापुढे एक पोरगा विषय बदलायचा म्हणून हुज्जत घालत होता. त्याला काय सल्ला दिला, देव जाणे.

४ जानेवारी
कुलसूम पास! नर्सिंगची जागा पक्की. बद्रियाच हलवा घेऊन आली, पोर अजून वर्गात होती.
बद्रिया म्हणाली, "आज मी तिला विचारलंच. पहिला दीड महिना सराव बुडवून झुवैनाकडे का गं बसायचीस? एवढी घराची आठवण यायची? तर म्हणते, नाही मॅडम. आजीने फोनवर बजावलं होतं. तिथे आपली झुवैना आहे, तिची आई गेली, बोलायला कुणी नाही. रोज जाऊन बसत जा तिच्यापाशी, अभ्यास मागाहून होईल."
घास तोंडात तसाच राहिला. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतेय.
उद्या तिला कक्षात बोलवायचं नाही. मीच जाईन वसतिगृहावर.