इडवल ‘आत्ता’ची सायकल

४ मार्च, सोमवार
ट्रेव्हर गेला. पेपरात आलं: ‘ट्रेव्हर हॅरिस (दोन-कोट), मम्बल्स, शांतपणे निधन.’ १९६३च्या थंडीत एकदा, फक्त एकदाच, तो बसस्टॉपवर एकावर एक दोन कोट घालून उभा होता. पुढे चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, दोन पोरांना समुद्रातून ओढून काढलं. छापलं काय? दोन-कोट.

गावात निम्मे हॅरिस, निम्मे रीस. टोपणनावाशिवाय पोस्टमनलाही पत्ता लागत नाही, हे मान्य. पण चहा गोड लागेना. माझं टोपणनाव ‘आत्ता’. का, तर म्हणे मी प्रत्येक कामाला ‘आत्ता, एका मिनिटात’ म्हणतो. अख्खं साउथ वेल्स तेच म्हणतं. चिकटलं मात्र मला. ‘इडवल रीस (आत्ता), निधन.’ लोक शवपेटीसमोर हसतील.

नाव बदलायचं. वय अडुसष्ट, अजून वेळ आहे.

५ मार्च, मंगळवार
ठरलं. सायकल. ‘इडवल बाइक’. ऐकायलाही भारदस्त.

माझ्या बायकोची, मेन्नाची, थोरली बहीण एलुनेड लनेलीला असते. १८ मेला ऐंशीची होणार. तिच्याकडे सायकलने जायचं, चौदा मैल, जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेल्या वाटेने. एकही मोटार नाही. मेन्नाला सांगितलं. ती म्हणाली की सहा वर्षं आपण एलुनेडकडे ‘आत्ता’च जातोय. तिच्या गुडघ्यांनी तिला घराबाहेर पडू दिलं नाही आणि तुझ्या मिनिटाने मला. मी एकटी निघाले की तू म्हणतोस, थांब, दोघं जाऊ. तेव्हा सायकलने चल, बसने चल, नाहीतर रांगत चल, पण चल.
आवाजाला जरा धार होती. तालमीमुळे घसा बसला असेल. मंगळवार-गुरुवार सकाळी तिची चॅपलमध्ये गाण्याची तालीम असते.

९ मार्च, शनिवार
शेजारच्या हेडनने सायकल दिली. (हेडन ओला-रंग. १९७९ साली बाकावर बसला होता.) निळी, त्याच्या बहिणीची, पडून होती. दांडा खाली वाकवलेला, म्हणजे बायकी. म्हटलं, गुडघ्याला बरंच. कधी निघणार, असं त्याने विचारलं. आत्ता, म्हणता म्हणता जीभ चावली.

१० मार्च, रविवार
चॅपल. मग नकाशा, तीन रंगांत. पहिला टप्पा समुद्राकाठाने ब्लॅकपिल. दुसरा क्लाइनच्या झाडीतून गोवर्टन. तिसरा पूल ओलांडून लनेली. गोवर्टनला मात्र काही अंतर साध्या रस्त्यावरून. तत्त्वात बसत नाही. कौन्सिलला पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत सराव बेताचाच करावा.

१३ मार्च, बुधवार
ब्लॅकपिल. जाऊन-येऊन पाच मैल. मोटारी नाहीत हे खरं, बाकी सगळं आहे. बाबागाड्या, पळणारे, आणि एक बाई या काठाला, तिचा कुत्रा त्या काठाला, मधे दोरी. जाताना वारा समोरून. ताकदीसाठी आइस्क्रीम खाल्लं. येतानाही वारा समोरूनच. हवामान खात्याने याचा खुलासा करावा.

२१ मार्च, गुरुवार
सीट घसरते. मी वर केली होती, आज पुन्हा दोन इंच खाली. हेडनचा माल, दुसरं काय. वर केली. सकाळी शेडमध्ये गारठा असतो, म्हणून ही कामं मी दुपारी करतो.
मेन्ना तालमीहून आली ती गाल लाल आणि भूक सडकून. देवाच्या गाण्याने एवढी भूक लागते हे ठाऊक नव्हतं.

३ एप्रिल, बुधवार
मैल मोजायचं मीटर बसवलं. आकड्यांशिवाय माणसाला शिस्त लागत नाही. मीटर लावायला अडीच तास गेले, त्यामुळे आज सायकल नाही.

११ एप्रिल, गुरुवार
मीटरवर एक्कावन्न. मीटर बसवल्यापासून मी एकदाच ब्लॅकपिलला गेलो, म्हणजे पाच. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? माणूस रमला की अंतराचं भान राहत नाही. हेडनला एक्कावन्न सांगितले. तो बराच वेळ खोकला. जळतो.
सीट पुन्हा खाली.

१८ एप्रिल, गुरुवार
चाकांना चिखल. समुद्राकाठी डांबरी वाट, चिखल येणार कुठून? शेडचं छप्पर गळत असणार. मेन्ना म्हणाली, असेल. मग दुरुस्त कर. म्हटलं, आत्ता, एका मिनिटात.

२४ एप्रिल, बुधवार
आज मोठी मजल, क्लाइनची झाडी. चढ जाणवत नाही असं सगळे म्हणतात. सगळ्यांनी एकदा माझ्याबरोबर यावं. किले गावापर्यंत गेलो, काही भाग सायकलसोबत चालत.
तिथे एकजण चहाची टपरी लावतो. सायकल पाहून त्याने मला न विचारता चहा पुढे केला, दोन चमचे साखर घातलेला, आणि म्हणाला, आज बुधवारी कसे काय? मी साखर घेत नाही, पण प्यायलो. निळी सायकल म्हटली की लोक ओळखू लागले आहेत. नाव पसरतंय.
पुढे घोडा उभा होता. परत फिरलो.

७ मे, मंगळवार
मेन्नाची तालीम हल्ली दुपारपर्यंत लांबते. एवढी तालीम, पण कार्यक्रम कधी आहे ते कोणी सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, अठराला.
अठराला तर आपल्याला लनेलीला जायचंय. तिच्या लक्षात नाही बहुतेक. वय होतंय तिचं.

१६ मे, गुरुवार
मीटर: दोनशे पन्नास. चॅपलच्या दारात सगळ्यांना सांगून टाकलं. कौन्सिलचं उत्तर नाही, तरी मी मोठ्या मनाने गोवर्टनचा तो रस्ता चालवून घेणार आहे.

१७ मे, शुक्रवार
मेन्नाने वेल्श केक केले, डबा भरला. म्हटलं, डबा घेऊन तू बसने ये, मी सायकलने येतोच. तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाली, बरं.

१८ मे, शनिवार
सकाळी ९.०० तयार. वाऱ्याचा अंदाज घेतोय.
९.४० हातमोजा एकच आहे. मेन्नाने दारातून विचारलं, निघतोस ना? आत्ता, म्हटलं, एका मिनिटात.
१०.१५ हातमोजा सापडला. खिशात होता.
१०.२० शेडमध्ये सायकल नाही. केकचा डबाही नाही. चोर उपाशी असावा. मेन्ना बसला गेलेली दिसते. बरं झालं, तिला धक्का बसला असता.
१०.४५ हेडनला सांगितलं. तो पायरीवर बसून डोळे पुसत राहिला. इतका हळवा असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाला, अरे बाबा, बस पकड. चोर लनेलीकडेच गेलाय.

१९ मे, रविवार
काल दोन बस. डोक्यावर हेल्मेट, काढायचं सुचलंच नाही. सव्वादोनला पोचलो.

एलुनेडच्या भिंतीला निळी सायकल टेकलेली. सीट खाली. आत मेन्ना केक खात होती आणि एलुनेडने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. सोडतच नव्हती.

मेन्ना म्हणाली की ख्रिसमसनंतर चॅपलमध्ये एकही तालीम झालेली नाही. आधी बसने येत होते. मार्चमध्ये तू सायकल आणलीस, मग सायकलने सुरू केलं. आधी गोवर्टनपर्यंत, मग तीन वेळा इथपर्यंत. सहा वर्षं थांबले, इडवल. मग वाटलं, तुझं मिनिट संपेपर्यंत ही थांबणार नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. एलुनेड किती बारीक झालीय. मला ठाऊकच नव्हतं. तिने माझ्यापुढे केक सरकवला आणि म्हणाली, हेल्मेट काढ रे, घरात आहेस.

आज चॅपलमध्ये नव्या पाद्रीबुवांनी हेडनला विचारलं, हे गृहस्थ कोण? हेडन म्हणाला, हा होय, मेन्ना बाइकचा नवरा. पाद्रीबुवांना लगेच कळलं. येऊन आठवडाच झालाय त्यांना.

‘इडवल रीस, मेन्ना बाइक यांचे पती.’ असं छापतील. यात माझं म्हणून काहीच नाही. तरी ‘आत्ता’ तर गेला.

मंगळवारी ती पुन्हा निघणार आहे. म्हणाली, सीट माझ्या उंचीला नीट आवळून दे. मी म्हटलं, आत्ता, आणि खरंच उठलो.
पाना सापडत नाही.