बाद केलेला अणू

प्रिय ढापणे,

वसतिगृहात तू मला जळकुकडी म्हणायचीस, ते काही खोटं नव्हतं. तू शोधलेल्या मूलद्रव्याची बातमी आली, जाड चष्म्यातला तुझा फोटो छापून आला, तेव्हा आईने विचारलं, ही तुझ्याच खोलीत राहायची ना? मी तोंडातला घास न चावताच गिळला.

मनाची समजूत घालायला मी तुझ्या मूलद्रव्याला नाकं मुरडायचे. कसलं मेलं मूलद्रव्य! निसर्गात सापडत नाही. एका धातूच्या पातळ पत्र्यावर दुसऱ्याचे अणू महिनोन्महिने आदळत बसायचं, तेव्हा कुठे एखादा तयार होतो, आणि तोही चार-पाच सेकंदांत फुटतो. धातू असावा म्हणतात. रंग कोणता, वितळतं कधी, सगळाच अंदाज. चिमूटभरसुद्धा कुणी पाहिलेलं नाही, आणि तक्त्यात मात्र अख्खं घर राखून ठेवलंय!

तुझा दावा पडताळायचं काम नव्या मूलद्रव्यांना मान्यता देणाऱ्या समितीने आमच्या प्रयोगशाळेला दिलं, हे तुला ठाऊकच आहे. इथे तो अणू दिसल्याशिवाय तुझा शोध पक्का होणार नव्हता. पाच महिने काही दिसलं नाही. मला आनंद झाला गं, खोटं कशाला बोलू?

मागच्या मंगळवारी दुपारी मी एकटीच पाळीवर होते, आणि तो आला. पाच सेकंद टिकला, अल्फा कण सोडून फुटला, मग उरलेला भाग फुटला, मग त्याचाही उरलेला. ऊर्जेचे आकडे थेट तुझेच. मी नोंदवहीत लिहिलं, ‘यंत्राची खरखर. बाद.’

हे शब्द तू ओळखशील. आपण इथे एकत्र काम करत होतो तेव्हा अशाच एका नोंदीवर मी हेच लिहिलं होतं. तू म्हणालीस, पुन्हा बघूया. मी हसण्यावारी नेलं. तू दुसरीकडे गेलीस आणि बघत राहिलीस. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले की तुझं नशीब फळफळलं.

तेव्हा चूक झाली होती. या वेळी चूक नव्हती, आणि ते फक्त मला माहीत होतं. काल साहेबांनी ‘काही आढळलं नाही’ या अहवालावर माझी सही मागितली. पेन उघडलं, आणि सही न करताच बंद केलं. आज सकाळी ती जुनी आणि मंगळवारची, दोन्ही नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. खरा अहवाल दुपारी समितीकडे गेला. तुझा शोध पक्का झाला, ढापणे. नऊ दिवस तो मी दाबून ठेवला होता, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. जळणं अजून थांबलेलं नाही.

तुझीच,
जळकुकडी