मधमाश्यांचे हातमोजे

त्सेसिस, ३ सप्टेंबर १९२७

ती. त्रीनेमावशीस आल्वीनेचा सा. न. वि. वि.

पाय मोडल्यामुळे तुला लग्नाला येता येणार नाही हे वाचून ढसाढसा रडले. आई गेल्यापासून तूच माझी आई. तू विणलेल्या हातमोज्यांची पेटी पोचली. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, आन्सिसने, एक जोड लगेच घालूनही पाहिला, हावरट मेला!

पण मावशी, घोटाळा झालाय. सासरेबुवा पडले पाद्री. नव्या सुनेने चुलीवर, विहिरीवर, गोठ्यात हातमोजे ठेवायचे ही जुन्या देवांची थेरं त्यांच्या अंगणात चालायची नाहीत म्हणे. ठेवले तर पंगतीत आशीर्वाद देणार नाहीत. तसं झालं तर आन्सिस मान वर करायचा नाही. काय करू?

तुझीच वेडी,
आल्वीने

पिएबाल्गा, ८ सप्टेंबर

चि. आल्वीनेस पोटभर आशीर्वाद.

अगं, सुजल्या डोळ्यांची नवरी कुणाला आवडते? रडणं पुरे. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून मी ते हातमोजे विणतेय. मला येता येत नाही, निदान माझ्या हातचं तरी त्या घरात शिरू दे. नवं माणूस आलं हे चुलीला, विहिरीला कळायला नको? नशीब लिहिणारी लाइमाआई तुला शोधणार कुठे?

तुझ्या सासऱ्यांना विचार, अंगठी, तोंडावरची जाळी, डोक्यावर उधळायचं धान्य, हे काय चर्चने शोधून काढलं? सगळं चर्चच्या आधीचं. मग तेही काढून ठेवू का, म्हणावं. मात्र हसून विचार. तुझी जीभ मला ठाऊक आहे.

माया आहेच, ती लिहून काय दाखवायची!
त्रीनेमावशी

त्सेसिस, २५ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

लग्न झालं! उंबऱ्यातच विचारलं, अगदी हसून. सासरे लालबुंद झाले, मग खोकला लागेपर्यंत हसले. काय करायचं ते कर, मी बघणार नाही, असं म्हणून मधमाश्यांच्या पेट्यांपाशी पाठ फिरवून बसले. मी चुलीवर, विहिरीवर, गोठ्यात तुझे हातमोजे ठेवले. सासूबाई तर डोळे पुसत होत्या. आशीर्वादही मिळाला, इतका लांबलचक की सूप गार झालं.

पण आज सकाळपासून सासरे माझ्याशी बोलत नाहीत. नाश्ता तसाच टाकून बागेत जाऊन बसलेत. त्यांचं मन फिरलं की काय? माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
आल्वीने (आता पाद्र्याची सून)

त्सेसिस, २६ सप्टेंबर

विहीणबाई त्रीने यांस स. न. वि. वि.

सूनबाई गुणाची आहे, पण तिने चुलीला दिलं, विहिरीला दिलं, गाईंना दिलं. माझ्या मधमाश्यांनी काय घोडं मारलं होतं? मी तिथे बसलो होतो म्हणून ती फिरकली नाही, हे मला कळतं. मधमाश्यांना कसं कळणार? कालपासून नुसत्या गुणगुणताहेत.

आमच्या घरच्या बायकांनी विणलेलं चालत नाही, मुलीकडचंच लागतं. हे मला कसं ठाऊक, ते कृपा करून विचारू नये.

तरी एक जोड विणावा. टपालाने मात्र पाठवू नका. पाय बरा झाला की घोडागाडी पाठवतो. येऊन तुमच्या हातानेच पेटीला बांधा. तोवर मधमाश्यांची समजूत मी काढतो.

आपला व्याही